खुनी माहीत असूनही ‘मिडसमर मर्डर्स’ पुन्हा पुन्हा का बघावीशी वाटते?

अनवट

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी ‘मिडसमर मर्डर्स’ बघतोय, अगदी पहिल्या भागापासून. आई पहिल्यांदाच बघतेय, माझी ही तिसरी खेप. परवा एक भाग अर्ध्यावर आला असताना तिने विचारलं, “तुला खुनी कोण ते ठाऊक आहे ना? मग एवढी डोळे लावून काय बघतेस?” मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: ही ब्रिटिश मालिका मार्च १९९७ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाली. मूळ कादंबऱ्या कॅरोलाइन ग्रॅहम यांच्या, एकूण सात. पहिली १९८७ ची. त्या केव्हाच संपल्या आणि पुढचे सगळे भाग नव्याने लिहिले गेले. मिडसमर हा काल्पनिक परगणा, कॉस्टन हे त्यातलं मुख्य गाव, आणि आजूबाजूला गवती छपरांची, दगडी चर्चची, गुलाबांच्या कुंपणांची गावं. चीफ इन्स्पेक्टर बार्नबी आणि त्यांचा सार्जंट गाडी घेऊन येतात, आणि दीड तासात गावाचं सगळं आतलं बाहेर येतं.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. मला ते पहिल्याच गोष्टीत सापडतं, ‘द किलिंग्ज ॲट बॅजर्स ड्रिफ्ट’मध्ये. एमिली सिम्प्सन ही एकटी राहणारी म्हातारी बाई. तिची आणि तिची मैत्रीण ल्यूसी बेलरिंजर यांची दर वर्षीची चुरस असते: रानातलं एक दुर्मीळ ऑर्किड आधी कुणाला दिसतं. त्या वर्षी एमिलीला फूल दिसतं, आणि फुलाशिवाय आणखीही काहीतरी दिसतं. मग ती मेलेली सापडते. वय झालेलं, घरात कुणी नाही, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ल्यूसीला वाटतं. तिचं म्हणणं एवढंच, की एमिलीला फूल आधी सापडलं असेल तर ती मला सांगायला आल्याशिवाय राहिलीच नसती.

हा पुरावा आहे का? न रक्त, न ठसे. दोन म्हाताऱ्यांची फुलावरून लागलेली चुरस. दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात तिला चहा पाजून घरी पाठवलं असतं. बार्नबी ऐकून घेतात आणि कामाला लागतात.

माझ्यासाठी सगळी मालिका त्या एका प्रसंगात आहे. लोकांच्या अगदी बारक्या गोष्टींना तिथे पूर्ण वजन मिळतं. ‘जजमेंट डे’मध्ये (२०००) आदर्श गाव स्पर्धेचं बक्षीस कुणाला मिळणार यावरून लोकांची झोप उडालेली असते. ‘मार्केट फॉर मर्डर’मध्ये बायकांचं वाचनमंडळ असतं आणि पुस्तकांच्या नावाखाली त्या शेअरबाजारात पैसे गुंतवत असतात. ‘सॉस फॉर द गूज’मध्ये एका घराण्याचा चटणीचा कारखाना विकायचा की नाही यावर भावंडं हमरीतुमरीवर येतात. बाहेरच्या माणसाला हे सगळं क्षुल्लक वाटेल. पण त्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला ते क्षुल्लक नाही, आणि लेखकांना हे कळलंय. खून कुणी केला ते मी विसरले तरी चालेल, पण एखाद्या बाईने तीस वर्षं एक अपमान कसा सांभाळून ठेवला ते मी विसरत नाही. तेच बघायला मी परत जाते.

तुम्हाला काय धरून ठेवतं? एकच विनंती, खुन्याचं नाव कुणी लिहू नका. आई हे प्रतिसाद वाचणार आहे.

चांदणचुरा

मस्त धागा. मला धरून ठेवतं ते शीर्षकसंगीत. जिम पार्कर यांनी ते वॉल्ट्झच्या तालात बांधलंय, नाचायला उठावं असं, आणि त्यावर जो आवाज तरंगतो तो थेरेमिनचा आहे. सीलिया शीन यांनी वाजवलेला. थेरेमिन हे हात न लावता वाजवायचं वाद्य. दोन ॲन्टेना असतात. एकीच्या जवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीच्या जवळ नेला की आवाज बारीक होतो. रशियातल्या लेव थेरेमिन या संशोधकाने १९२० च्या सुमारास ते तयार केलं. ऐकताना कळत नाही की बाई गातेय की दाराच्या फटीतून वारा येतोय.

खाली गोड नाच आणि वर ते विव्हळणं. पहिल्या अर्ध्या मिनिटात मालिका स्वतःबद्दल सगळं सांगून टाकते. दुसऱ्या खोलीत असले तरी ते सूर आले की मी हातातलं काम ठेवून येते.

सरळरेघ

अनवट, लिहिलंय फार छान, पण मला पटलं नाही. माझ्यासाठी रहस्यकथेत कोडं आधी, बाकी सगळं नंतर. गाव हवं ते कोड्यासाठीच. शहरात खून झाला तर संशयित लाखभर. गावात दहा. सगळे एकमेकांना ओळखतात, प्रत्येकाला दुसऱ्याची येण्याजाण्याची वेळ ठाऊक, अनोळखी माणूस दिसला तर लगेच कळतं. म्हणजे लेखकाला आपोआप बंदिस्त खोली मिळते.

डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ मध्ये रहस्यकथांवर एक निबंध लिहिला होता. त्याला स्वतःला या कथांचं व्यसन होतं. त्याचा मुद्दा असा की जागा जितकी निर्मळ आणि सुखाची, तितकं तिथलं प्रेत जास्त खुपतं. आणि गुन्हेगार सापडल्यावर ती जागा पुन्हा निर्मळ होते, म्हणून वाचकाला बरं वाटतं. त्याहीआधी १८९२ मध्ये होम्स रेल्वेच्या खिडकीतून सुंदर शेतं बघत वॉटसनला सांगतो, की लंडनच्या गलिच्छ गल्ल्यांपेक्षा या हसऱ्या खेड्यांचीच मला धास्ती वाटते, कारण इथे किंकाळी ऐकायला शेजारी नाही. तर गाव आणि खून ही जोडी जुनीच आहे.

माझी तक्रार कोड्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आहे. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथालेखकाने १९२९ मध्येच असल्या कथांचे नियम घालून दिले होते. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा, की शोध घेणाऱ्याला जो दुवा सापडेल तो लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. मिडसमरमध्ये कितीदा तरी शेवटच्या दहा मिनिटांत वीस वर्षांपूर्वीचं मूल किंवा बदललेलं नाव बाहेर येतं. मग आपण दीड तास काय शोधत होतो? आणि पुढे पुढे खून करण्याच्या तऱ्हा इतक्या नवलाच्या झाल्या की मन उडालं. २०१३ च्या एका भागात एका बाईचा जीव चीजच्या भल्या मोठ्या चक्राखाली जातो. पहिल्या चार-पाच सीझनमध्ये हे नव्हतं.

अनवट

सरळरेघ, दुव्यांबद्दल तुमचं खरं आहे, काही भाग त्यात साफ कमी पडतात. होम्सचं वाक्य मी विसरूनच गेले होते, आठवण करून दिल्याबद्दल आभार.

पण ‘गाव म्हणजे बंदिस्त खोली’ एवढ्यावर मी थांबणार नाही. बंदिस्त खोली जहाजावर मिळते, बर्फात अडकलेल्या बंगल्यात मिळते. तिथली माणसं चार दिवसांची सोबती. गावातल्या माणसांना एकमेकांचा भूतकाळ माहीत असतो, आणि खून झाल्यावरही त्यांना तिथेच राहायचं असतं, त्याच दुकानात जायचं असतं, रविवारी त्याच बाकावर बसायचं असतं. बार्नबी गाडीत बसून निघून जातात तेव्हा मला हटकून मागे राहिलेल्यांचा विचार येतो. ऑडेन म्हणतो तसं गाव पुन्हा निर्मळ झालेलं मला कधी दिसत नाही. थोडं शांत होतं, इतकंच.

चीजच्या चक्राबद्दल: तो भाग चीज बनवणाऱ्या गावाबद्दलच आहे. ज्या वस्तूवर गाव जगतं तीच हत्यार होते. मला ते उपटसुंभ वाटलं नाही.

थेम्सकाठ

मी सहा वर्षं वॉलिंगफर्डच्या जवळ राहिले, म्हणून लिहिते. कॉस्टन म्हणून जे गाव दिसतं त्यातला बराच भाग वॉलिंगफर्डचा. बाजारचौकातली कॉर्न एक्सचेंजची इमारत म्हणजे मालिकेतलं नाट्यगृह, आणि खरोखरही तिथे नाटकं होतात. बाकी चित्रीकरण ऑक्सफर्डशर आणि बकिंगहॅमशरमध्ये विखुरलेलं. एका गावाचं चर्च, दुसऱ्याचा पब, तिसऱ्याची घरं असं जोडून मिडसमरचं एक गाव तयार होतं. ओळखीचा रस्ता दिसतो, गाडी वळते आणि वळणापलीकडे भलतंच गाव येतं. पहिल्यांदा मी चक्रावून गेले होते.

वॉरबरो जवळच आहे. गावाच्या मधोमध मोठं हिरवं मैदान, त्याच्या कडेला ‘द सिक्स बेल्स’ हा गवती छपराचा पब. उन्हाळ्यात त्या मैदानावर क्रिकेट चालतं. आम्ही गवतावर बसून सामना बघत होतो, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की आता कुणीतरी पॅव्हिलियनमागे पडलेलं सापडणार.

पण मला सगळ्यात जास्त मिडसमर दिसायचं ते चर्चच्या फाटकाजवळच्या काचेच्या सूचनाफलकात. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, बैठकीची तारीख. या महिन्यात वेदीवर फुलं कोण लावणार त्याची यादी, एक नाव खोडून वर दुसरं लिहिलेलं. शेतातली जुनी पायवाट बंद करायच्या अर्जावर हरकत असल्यास कुठे कळवायचं ते. हरवलेलं मांजर. त्या खोडलेल्या नावावर मी कितीतरी वेळ विचार केला होता. अनवट म्हणतात ती ‘बारकी गोष्ट’ म्हणजे हेच.

आणखी एक. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३४ मध्ये वॉलिंगफर्डच्या विंटरब्रुक भागात घर घेतलं आणि शेवटपर्यंत ते त्यांचं होतं. १९७६ मध्ये त्या गेल्या, पुरलंय ते शेजारच्या चोल्सी गावच्या चर्चच्या आवारात. मिस मार्पलचं सेंट मेरी मीड काल्पनिक, मिडसमरही काल्पनिक. पण मार्पलला जन्म देणाऱ्या बाई ज्या गावाच्या कडेला राहिल्या, त्याच गावात नंतर कॅमेरे लागले. कबरीपाशी उभी असताना मला हे फार जाणवलं होतं.

चांदणचुरा

थेम्सकाठ, खोडलेलं नाव! अंगावर काटा आला.

मृदंग

मी सहसा वाचूनच जातो, पण आज ‘रिंग आउट युअर डेड’बद्दल (२००२) लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मते हा मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे, आणि तो का जमलाय हे कळायला इंग्लंडमधली घंटावादनाची पद्धत थोडी समजून घ्यावी लागते.

तिथल्या चर्चमध्ये घंटांवर सुरावट वाजवत नाहीत. घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते, तोंड वर येईपर्यंत. इतक्या जड वस्तूला वेगाने मागेपुढे करता येत नाही, त्यामुळे मनाला येईल ती सुरावट अशक्य. मग त्यांनी काय शोधून काढलं, तर क्रम बदलत जाणं. सहा घंटा असतील तर १-२-३-४-५-६ ने सुरुवात करायची, आणि दर फेरीला शेजारच्या घंटांनी जागा बदलायच्या. एकही क्रम दोनदा येता कामा नये. सहा घंटांचे ७२० क्रम होतात. सातांचे ५,०४०, त्याला तीनेक तास लागतात. आठांचे ४०,३२०! ते सगळेच्या सगळे १९६३ मध्ये लफबरो इथे आठ माणसांनी सलग वाजवले, १७ तास ५८ मिनिटं, कुणीही मध्ये न उठता. कागद समोर ठेवत नाहीत, सगळं पाठ.

मी तबला-पखवाज शिकलोय, त्यामुळे गणिताने बांधलेल्या वादनाचं मला वेड आहे. पण इथला फरक असा की प्रत्येकाकडे एकच घंटा. एकट्याने सराव करून काही उपयोग नाही. दोराला लोकरीची रंगीत मूठ असते, ती हातात धरायची, डोळे बाकीच्यांच्या दोरांवर, आणि आपली वेळ आली की ओढायचं. अर्ध्या क्षणाची चूक झाली तरी गावभर ऐकू जाते.

आता त्या भागाकडे बघा. मिडसमर वेलो गावचा संघ स्पर्धेच्या तयारीत आहे आणि संघातली माणसं एकामागून एक मारली जाताहेत. दुसऱ्या कुठल्या मंडळात एक माणूस गेला तर खुर्ची रिकामी राहते. इथे एक गेला की बाकी सगळे मुके होतात. आणि तरीही ते स्पर्धेचा विचार सोडत नाहीत. पहिल्यांदा बघताना मला राग आला होता, की माणूस मेलाय आणि यांना सराव सुचतोय. आता वाटतं, एकमेकांच्या हाताकडे बघून वर्षानुवर्षं श्वास जुळवलेली माणसं आहेत ती. दोर सोडून दिला तर त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायला दुसरी भाषाच नाही.

अनवट

मृदंग, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी तो भाग तीन वेळा बघितलाय आणि दोराकडे एकदाही नीट बघितलं नाही.

निरगाठ

सगळे कौतुक करताहेत म्हणून नाही, पण एक गोष्ट मला खुपते आणि ती या धाग्यावर यायला हवी. २०११ मध्ये मालिकेचे निर्माते ब्रायन ट्रू-मे यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की या गावांत इतर वंशांची माणसं दाखवली तर मालिका चालणार नाही, हा इंग्रजपणाचा शेवटचा गड आहे. त्यावर मोठा गदारोळ झाला, त्यांना निलंबित केलं गेलं आणि पुढे ते बाजूला झाले. चौदा वर्षं मालिका चालली होती तोवर!

मी तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होते. ज्या गावात राहायचे तिथला डाकघराचा काउंटर गुजराती कुटुंब चालवायचं, सगळं गाव त्यांच्याकडे यायचं. गावातली कुठली बातमी आधी त्यांना कळली नाही असं व्हायचं नाही. असं घर रहस्यकथेला किती मोलाचं! त्यांना वगळणं अन्यायाचं होतंच, शिवाय कथेचंही नुकसान होतं. नंतर हळूहळू बदल झाला. २०१६ पासून मनजिंदर विर्क यांनी डॉक्टर कॅम करीमोर ही शवचिकित्सक रंगवली, ती मला फार आवडली. पण जुने भाग बघताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

सरळरेघ

निरगाठ, पूर्ण सहमत. आणि डाकघराचा मुद्दा कोड्याच्या बाजूनेही बिनतोड आहे. पत्रं कुणाला येतात, पेन्शन कोण काढतं, कुणी अचानक पासपोर्टचा फॉर्म मागितला, सगळं त्या खिडकीतून जातं.

अनवट

बरं झालं लिहिलंत, निरगाठ. मला ही मालिका जिवापाड आवडते आणि हा डाग मोठा आहे, दोन्ही खरं आहे. ल्यूसीचं ऐकून घेणारी मालिका त्या काउंटरमागच्या बाईचं ऐकायला इतकी वर्षं थांबली, याचं वाईट वाटतं.

शेवंती

कुणीच अजून बार्नबींच्या घराबद्दल कसं लिहिलं नाही? जॉन नेटल्स यांनी टॉम बार्नबी ८१ भागांत रंगवले, २०११ पर्यंत. त्यातला निम्मा जीव त्यांच्या बायकोत, जॉइसमध्ये आहे. जॉइसला स्वयंपाक जमत नाही हे खरं, पण ती प्रत्येक गावात काही ना काही करत असते. कुठे चित्रकला, कुठे गाणं, कुठे नाटकाला मदत. त्यामुळे नवरा तपासाला जातो तिथे बायकोच्या ओळखी आधीच असतात. कितीतरी वेळा जेवणाच्या टेबलावर जॉइस किंवा मुलगी कली सहज काहीतरी बोलते, टॉमचा काटा हवेत थांबतो, आणि कळतं की गाठ सुटली.

दुसऱ्या मालिकांतले पोलीस बघा. दारू, घटस्फोट, रिकामं घर, मुलांशी अबोला. ते दुःख काही मालिकांत फार चांगलं लिहिलेलं असतं. पण दिवसभर इतका मत्सर आणि लोभ बघितलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, बायको त्याला विचारते दिवस कसा गेला, आणि तो खरंच सांगतो, हे मला जास्त धाडसाचं वाटतं. २००८ मध्ये कलीचं लग्न होतं त्या भागात तर पहिला सार्जंट ट्रॉय इन्स्पेक्टर होऊन पाहुणा म्हणून परत येतो. मालिकेला आपली माणसं लक्षात आहेत.

टॉमच्या जागी आलेले नील डजन यांचे जॉन बार्नबी हे त्यांचे चुलतभाऊ. मला सुरुवातीला ते परके वाटले, एक अख्खा सीझन सोडून दिला. नंतर सवय झाली. ते जास्त कोरडे, मानसशास्त्राची पदवी घेतलेले, घरी सायक्स नावाचा कुत्रा. गंमत म्हणजे डजन २००० सालच्या ‘गार्डन ऑफ डेथ’मध्ये माळी म्हणून येऊन गेलेत!

नवखा_प्रेक्षक

काल रात्रीपासून हा धागा वाचतोय. मी एकही भाग बघितलेला नाही. कुठून सुरुवात करू? पहिल्यापासून सगळे बघणं आत्ता शक्य नाही.

सरळरेघ

‘रिटन इन ब्लड’ (१९९८). गावातलं लेखकमंडळ एका नामवंत लेखकाला बोलावतं आणि ज्याच्या घरी बैठक होते तो त्याच रात्री मरतो. मूळ कादंबरीवर आधारित, कोडं स्वच्छ.

अनवट

सरळरेघ यांनी सांगितलेला चांगलाच आहे, पण मी ‘बॅजर्स ड्रिफ्ट’पासूनच सुरुवात करा म्हणेन. तो आवडला तर ‘जजमेंट डे’ बघा. त्यात कोवळ्या वयातला ऑर्लंडो ब्लूम आहे, फार वेळ नाही. मग ‘रिंग आउट युअर डेड’, पण मृदंग यांचा प्रतिसाद आधी वाचून. २०१४ चा शंभरावा भाग ‘द किलिंग्ज ऑफ कोपनहेगन’ घाईने बघू नका. तो डेन्मार्कला जातो, आणि गाव सोडून जाण्यातली मजा गाव ओळखीचं झाल्याशिवाय येत नाही.

आणि एक सांगते. बघताना खुनी शोधायच्या मागे लागू नका. कुणाचं बोलणं मध्येच तोडलं जातंय तिकडे लक्ष ठेवा. बैठकीत कुणाला खुर्ची मिळाली नाही, कुणाचा केक कुणी खाल्ला नाही, कुणाचं नाव चुकीचं उच्चारलं गेलं. बहुतेक भागांत मला गोष्टीचं मूळ तिथे सापडलंय.

नवखा_प्रेक्षक

‘बॅजर्स ड्रिफ्ट’ आत्ताच संपवला. ल्यूसी बार्नबींसमोर बसते तिथे थांबवून पुन्हा लावला. माझी आजी शेवटची दोन वर्षं सांगत होती की कपाटातली तिची एक वही कुणीतरी हलवलीय. आम्ही कुणी लक्ष दिलं नाही, वय झालंय म्हणून. ती गेल्यावर वही माळ्यावर सापडली, कुणी ठेवली ते अजून कळलेलं नाही. गुन्हा वगैरे काही नाही. पण ऐकून घ्यायला हवं होतं.

थेम्सकाठ

नवखा_प्रेक्षक, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

शेवंती

वहीत काय होतं, सांगण्यासारखं असेल तर?

नवखा_प्रेक्षक

गाण्याच्या चाली. शब्द नाहीत, फक्त सूर लिहिलेले, तिच्या खुणांनी. घरात कुणालाच वाचता येत नाहीत.

मृदंग

फोटो पाठवता आला तर व्यक्तिगत निरोपात पाठवा. मी प्रयत्न करतो. माझ्या गुरुजींनाही दाखवेन, त्यांना जुन्या खुणा कळतात.

अनवट

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. वहीपाशी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मृदंग यांना चाल लागली की इथे लिहायला सांग.

आज ‘रिंग आउट युअर डेड’ आहे. तिने आधीच बजावून ठेवलंय, घंटा सुरू झाल्या की कुणी बोलायचं नाही, आणि दोर दिसला की तिथे थांबवायचं.